शेपटीजवळची पिसं

चर्रर्र.

चुलीच्या तापल्या पत्र्यावर कुठून तरी एक थेंब पडला, आणि येल्काच्या हातातला दोरा थरकला. सकाळचे पावणेसहा वाजले होते. सासूबाई गोठ्यात, सासरे मिलुतिन नदीवर, आणि आतल्या खोलीत पाच वर्षांची इस्क्रा पालथी झोपलेली, एक पाय पांघरुणाबाहेर. दिवसातला एवढाच तुकडा येल्काचा स्वतःचा होता. तोही ती चोरलेल्या गुळाच्या खड्यासारखा वापरायची, आवाज न करता आणि घाईघाईने.

डाव्या हाताच्या चिमटीत तांदळाच्या दाण्याएवढा गळ होता. उजव्या हाताने ती त्यावर पिवळसर रेशमी दोरा गुंडाळत होती. हा बारावा. बाराही गळांवर माशीचं अंग तयार होतं, फक्त पंख लावायचे राहिले होते. पंख लागले की ती खोटी माशी स्तुदेना नदीवर खऱ्या माशीसारखी बसते आणि खालचा ट्राउट मासा फसतो. निदान फसायला हवा.

चर्रर्र. पुन्हा.

आता तिने वर पाहिलं. चुलीवरच्या ज्या दांडीवर मोजे वाळत घालायचे, तिथे चीज गाळायच्या फडक्याची एक पुरचुंडी लटकत होती. ओली, फुगलेली. फडक्यातून आतलं पांढरंशुभ्र काहीतरी दिसत होतं, सावरीच्या कापसासारखं फुललेलं.

येल्का उठली, ड्रॉवर उघडला. पिसांची पिशवी तिथे होती. रिकामी होती.

बदकाच्या शेपटीच्या वर, पाठ संपते तिथे, तेलाची एक गाठ असते. त्या गाठीभोवती नखाएवढी पिसं असतात, दिसायला मळकट, हाताला तेलकट आणि नाकाला वाईट. बदक त्या तेलावरच पाण्यात कोरडं राहतं, आणि त्या पिसांची माशीही त्याच तेलावर तरंगते. दुसरं कुठलंही पीस लावा, चार वेळा पाण्यावर टाकलं की ओलं होऊन खाली जातं. गढूळ ओढ्यातल्या माशाला त्याचं काही वाटत नाही, तो समोर येईल ते तोंडात घालतो. पण स्तुदेना कड्याखालच्या झऱ्यांतून जन्मते ती काचेसारखी. तिच्यातला ट्राउट म्हणजे मुलगी बघायला आलेली आत्या. पुढून बघणार, मागून बघणार, खालून बघणार, आणि मग काही न बोलता निघून जाणार.

एका बदकाची फार तर पंधरा-वीस पिसं कामाची निघतात. येल्काने ती अख्खा हिवाळा जमवली होती. नाताळाला गावात ज्या ज्या घरी बदक कापलं, त्या त्या घराच्या मागच्या दाराशी ती जाऊन उभी राहिली होती. "मांस नको हो, फक्त शेपटीजवळची पिसं द्या." बायका हसायच्या. "मिलुतिनच्या सुनेला आता उशी नाही, शेपटी भरायची आहे," म्हणायच्या.

आणि आज ती पिसं हवी होती. उद्या नाही, परवा नाही. आज संध्याकाळी पाच वाजता, नदीवर खऱ्या माश्या उडायला लागतात तेव्हा.

लेनार्ट येणार होता. स्लोव्हेनियात, अशाच एका झऱ्याच्या नदीवर, त्याचं मासेमारांसाठीचं पाहुणेघर होतं. मागच्या शरदात तो इथे मासेमारीला आला, तेव्हा त्याने येल्काला गळ कुठल्याही चिमट्यात न अडकवता नुसत्या बोटांनी माशी बांधताना पाहिलं आणि जेवण गार होईपर्यंत बघत उभा राहिला. परवा त्याचा फोन आला. पाहुण्यांसमोर बसून माश्या बांधणारं माणूस हवं आहे. राहायला खोली, मुलीला शाळा. "पण शब्दावर नाही नेणार. मी येतो, स्वतः पाण्यावर टाकून बघतो. वरून तेल-मलम लावलेली माशी मला चालणार नाही. तुझ्या माश्या स्वतःच्या तेलावर तरंगल्या पाहिजेत."

येल्काचा नवरा, रांको, चार वर्षं ऑस्ट्रियात, ग्राट्समध्ये इमारतींना गिलावा करत होता. नववर्षाला यायचा, ऑगस्टात यायचा. इस्क्रा पहिले दोन दिवस त्याला 'काका' म्हणायची, तिसऱ्या दिवशी बाबा म्हणायला लागायची, आणि मग त्याची बस असायची. लेनार्टच्या घरापासून ग्राट्स अडीच तासांवर होतं. म्हणजे दर रविवारी.

बस, एवढंच. येल्काला जग बघायचं नव्हतं. तिला दर रविवार हवा होता.

दार ढकलून स्तोयान्का आत आली, तिची सासू. दुधाची बादली खाली ठेवली, कमरेला हात लावून सरळ झाली आणि सुनेची नजर कुठे आहे ते बघून खुलली.

"बघितलीस? काल संध्याकाळी धुतली. दोन पाण्यांतून काढली, राखेचा साबण लावून. काय गं बाई ते तेल! आणि वास! म्हटलं, उद्या घराच्या संताचा सण, चाळीस माणसं येऊन जाणार, आणि ड्रॉवरमध्ये हे मेलेलं बदक. आता बघ कशी फुलासारखी झालीत."

"आई," येल्का म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "ते तेलच तर हवं होतं."

"कसलं तेल?"

"पिसांचं. त्याच्यावर तरंगतात ती. आता नाही तरंगणार."

स्तोयान्काने पुरचुंडीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "चाळीस वर्षं मी पिसं धुतेय. या घरातली प्रत्येक उशी..."

"उशी पाण्यावर तरंगवायची नसते!"

"मग सांगायचंस की!"

खरं होतं ते. सात वर्षांत येल्काने सासूला आपल्या कामातलं अक्षर सांगितलं नव्हतं. घरातलं सगळं स्तोयान्काचं होतं. पीठ कुठल्या डब्यात, मीठ कुठल्या, मुलीच्या केसांना तेल कुठल्या वारी. हा एक ड्रॉवर तेवढा येल्काचा होता, आणि त्याच्याविषयी न बोलणं हीच तिने त्याला लावलेली कडी होती. पण त्या क्षणी हे तिला सुचलं नाही. सुचलं ते दुसरंच, आणि सुचताच तोंडातून बाहेर पडलं.

"तुम्ही मुद्दाम केलंत. आम्ही जाऊ नये म्हणून."

 स्तोयान्काने बादली उचलली, दूध गाळायला फडकं शोधलं, फडकं तर पिसांना बांधलेलं होतं हे तिच्या लक्षात आलं, आणि ती बादली घेऊन तशीच परत बाहेर गेली.

*

मिलुतिन नदीवरून आला तेव्हा येल्का अंगणातल्या दगडी कुंडाशी बसली होती. झऱ्याचं पाणी लाकडी पन्हाळीतून त्या कुंडात पडत राहायचं. तिने धुतलेल्या पिसांची एक माशी बांधली होती. दोऱ्याच्या टोकाला लावून पाण्यावर सोडली. एकदा तरंगली. दुसऱ्यांदा एका कुशीवर झाली. तिसऱ्यांदा खाली गेली, हळूच, जणू तिलाही लाज वाटत होती.

"बुडली," मिलुतिन म्हणाला. तो नदीची राखण करायचा आणि परक्या मासेमारांना पाण्यावर न्यायचा. पूर्वी माश्याही तोच बांधायचा. येल्काला त्यानेच शिकवलं. मग त्याची बोटं थरथरायला लागली. "बंदुकीचं तेल लावून बघ."

"लेनार्टला वास येईल."

"त्याला कसला वास येतोय? तो सिगार ओढतो."

बंदुकीचं तेल लावलं. डुकराची चरबी लावली. अक्रोडाचं तेल लावलं. पिसं एकमेकांना चिकटून पावसात भिजलेल्या मांजराच्या पिल्लासारखी झाली. मिलुतिनने एक माशी तळहातावर घेऊन उन्हात धरली. "हिला बघून मासा येणार नाही," तो म्हणाला, "पण कीव येऊन एखादा पाद्री येईल." येल्का हसली नाही, तेव्हा त्याने माशी खाली ठेवली आणि टोपी सरळ केली. "बदक नाही का कुणाकडे?"

"मे महिन्यात? सगळी नाताळात कापली. आता सगळीकडे पिवळी पिल्लं आहेत. त्यांना नुसती लव असते."

"आपला नर होता."

"त्याला एप्रिलात कोल्ह्याने नेलं."

दोघांनाही एकच गोष्ट आठवली. शेडच्या कोपऱ्यात, जुन्या सफरचंदाच्या खोक्यात, बारोनेसा, त्यांची बदकाची मादी, बसली होती. नाव मिलुतिनने ठेवलं होतं, कारण ती अंगणात सगळ्यांना हुकूम सोडत फिरायची. गेले बावीस दिवस मात्र ती अकरा अंड्यांवरून हलली नव्हती. इस्क्रा रोज सकाळी वाल चिंचोक्यांसारखे मोजून तिच्यापुढे ठेवायची, दिवसाला एक या हिशेबाने; आज बावीस होणार होते. अठ्ठावीस झाले की पिल्लं येणार, असं आजीने तिला सांगितलं होतं.

"मी नदीवर जातो," मिलुतिन म्हणाला, आणि गेला.

येल्का शेडमध्ये गेली. आत अंधुक होतं, गवताचा उबदार वास होता. बारोनेसाने मान लांब करून फुत्कार टाकला, पण उठली नाही. अंग आणखी पसरून बसली, जणू तिच्या अंगाला झाकण्याएवढंच काम उरलं होतं. येल्का गुडघ्यांवर बसली. तिने हात पंखाखाली सरकवला. अंडी गरम होती, गालासारखी गरम. इस्क्राला पहिल्यांदा ताप आला होता त्या रात्रीसारखी. मग तिने हात वर नेला, पाठीवरून, शेपटीपर्यंत. तिथली पिसं बोटांना लागली. तेलकट, मऊ, भरघोस. पंधरा. वीसही असतील.

दुसऱ्या हाताने तिने मान धरली. मानेतून रक्त धावत होतं, बारीक, भरभर.

खाटीककाम तिला नवं नव्हतं. पण ती तशीच बसून राहिली, मान हातात धरून, आणि तिला वाटायला लागलं की मान आपलीच आहे.

"आई, तू बारोनेसाला काय करतेस?"

इस्क्रा दारात उभी होती, केस विस्कटलेले, मुठीत वाल.

येल्काने हात काढला. "काही नाही. बघत होते."

"काय बघत होतीस?"

"आरामात बसलीय ना, ते."

इस्क्राच्या मागे, अंगणात, सणासाठी धुतलेल्या चादरींचं टोपलं कमरेवर घेऊन स्तोयान्का उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. सुनेची नजर वळताच तिने चादर झटकली आणि दोरीवर टाकली.

*

लेनार्ट दुपारी आला. जाड भिंगांचा चष्मा, बोलण्याआधी घसा खाकरायची सवय. स्तोयान्काने त्याला सूप वाढलं, चीज घातलेली थरांची पोळी वाढली, "घ्या, घ्या, शहरात काय मिळतं," असं म्हणत तिसऱ्यांदा वाढली, आणि येल्काकडे एकदाही पाहिलं नाही. जेवून तो पुलावर जाऊन बसला.

येल्का त्याच्यामागे गेली. वाटेत तिने शब्द जुळवून ठेवले होते. पुलावर पोचल्यावर एवढंच उरलं, "माश्या नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"पिसं धुतली गेली. साबणाने."

लेनार्टने घसा खाकरला. तो हसला नाही. या कामातल्या माणसाला यात हसण्यासारखं काही नसतं. "अरेरे," तो म्हणाला, जणू कुणी गेल्याचं कळलं होतं. पुलाखाली पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाच्या हिरव्या वेलींवर माशांच्या सावल्या आधी दिसायच्या आणि मासे नंतर. "मी उद्या दुपारी निघणार. शनिवारी माझे पहिले पाहुणे येतायत. मला त्यानंतर परत यायला जमणार नाही, पोरी. झाग्रेबची एक बाई आहे, ती चांगलं बांधते. चिमट्यात बांधते, पण चांगलं बांधते."

"हो," येल्का म्हणाली.

"पाचला पाण्यावर माश्या उडायला लागतील. तोवर मी इथेच बसलोय. आता तरी कुठे जाणार? तुझ्या सासूने मला उठता येईल असं ठेवलेलं नाही."

परत येताना येल्काला प्रत्येक गोष्ट तिच्या जागेवर दिसली आणि त्याचाच राग आला. गिरणीचं चाक फिरत होतं. कड्याखालून पाणी निघत होतं, वर्षाचे बारा महिने तेवढंच आणि तेवढंच गार. हिवाळ्यात गोठत नव्हतं, उन्हाळ्यात आटत नव्हतं. लोक दूरदेशाहून येऊन म्हणायचे, काय भाग्यवान आहात. येल्का या पाण्याकाठी सात वर्षं राहिली होती आणि गुडघाभरही त्यात उतरली नव्हती. नदीत उतरायचं ते पुरुषांनी. बायकांनी घरात थांबायचं.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. टेबलावर, तिच्या नेहमीच्या जागेसमोर, कॉफीची एक बशी पालथ्या पेल्याने झाकून ठेवली होती. येल्काने पेला उचलला.

बशीत पिसं होती. मळकट, पिवळसर. तिने एक उचललं. ते बोटाला चिकटलं.

मागच्या दाराचा अडसर वाजला. स्तोयान्का आत आली. बाह्या कोपरांपर्यंत वर, एका मनगटाला पीस चिकटलेलं. दोन्ही हातांनी तिने पोटाशी लोकरी शाल धरली होती, आणि ती चालत होती तशी, जशी बाई नवव्या महिन्यात चालते.

"बघत काय बसलीस?" ती म्हणाली. "ही धुवायची नसतात ना? तेवढं कळलं आता मला. सतरा आहेत. मोजलीत."

"आई..."

"एक अंडं फुटलं. दहा आहेत." तिने चुलीजवळची खुर्ची पायानेच ओढली आणि बेताबेताने बसली. शालीच्या ओच्यात दहा अंडी होती, पोटाला लागून. "गावात फिरून आले. एकही कोंबडी खुडूक नाही, यंदा काय झालंय कोंबड्यांना देव जाणे. माझी आजी काखेत धरून उबवायची. सहा दिवसांचं तर काम आहे."

 येल्काकडे सकाळचं वाक्य परत आलं होतं, उलटं फिरून.

"सकाळी मी जे म्हटलं..."

"म्हटलंस ते म्हटलंस." स्तोयान्काने शाल सारखी केली. "माझं लग्न झालं त्याच वर्षी शहरात गालिच्यांचा कारखाना निघाला. माझं नाव लागलं होतं. ज्या दिवशी जायचं, त्या दिवशी सकाळी माझ्या सासूने माझे बूट विहिरीत टाकले. एकच जोड होता." ती थांबली. "मी तुझे बूट विहिरीत टाकलेले नाहीत, येल्का. मी मूर्ख आहे. ती वेगळी गोष्ट. आता बांध, चार वाजायला आलेत."

येल्का बसली. एका माशीला तीन पिसं. सतरांत पाच माश्या आणि दोन पिसं उरलेली. पहिला गळ तिने दोनदा सोडून पुन्हा बांधला, दुसरा एकदाच. मागून सासूचा श्वास ऐकू येत होता आणि मधूनच तिचं पुटपुटणं, अंडी फिरवताना. तिसऱ्या माशीला स्तोयान्का म्हणाली, "दाखव तरी कसं करतेस."

आणि येल्काने खुर्ची वळवून घेतली, सासूच्या बाजूला, उजेडात.

*

पाचला स्तुदेनावर माश्या उडायला लागल्या. पाण्याच्या कातडीतून एकेक वर यायची, क्षणभर पंख वाळवत वाहत जायची आणि उडायची. लेनार्ट कमरेपर्यंत पाण्यात उभा होता. मिलुतिन त्याच्या मागे दोन पावलांवर. येल्का काठावर उभी राहिली. घरात थांब असं तिला कुणी म्हटलं नाही.

समोरच्या काठाखाली एक ट्राउट होता, हातभर लांब, पाठीवर काळे आणि तांबडे ठिपके. लेनार्टने काठी मागे नेली, पुढे आणली, दोरी हवेत उलगडली आणि येल्काची माशी त्याच्यापासून दोन हात वरच्या प्रवाहात पाण्यावर बसली. वाहत आली. मासा वर आला. नाक माशीला लागेल इतका वर आला, तिच्याबरोबर मागे मागे वाहत गेला, बघत. मग वळला आणि आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

"आत्याला मुलगी पसंत नाही," मिलुतिन हळूच म्हणाला.

लेनार्टने माशी हवेत दोनदा झटकली. पाण्याचे कण उडाले. पुन्हा टाकली. माशी पुन्हा बसली, ताठ, कोरडी, जणू ती आत्ताच बांधली होती. पुन्हा झटकली, पुन्हा टाकली. सहा वेळा. सात वेळा. ती बुडली नाही. येल्काला वाटलं, आता मासा आला नाही तरी चालेल, ही तरंगतेय एवढंच पुरे आहे. आणि तेवढ्यात पाण्यावर एक लहानसं वर्तुळ उमटलं. माशी नव्हती. लेनार्टची काठी वाकली होती.

माशाला त्याने पाण्यातच ठेवून सोडवलं. तोंडातून गळ काढला, एक क्षण दोन्ही हातांत धरला, आणि तळवे उघडले. मग माशी तपासली, फुंकर घातली. "सात मासे घेईल ही," तो म्हणाला. "दहाही घेईल." आणि घसा खाकरून, "शुक्रवारची बस पकड. दुपारी दोनला माझा माणूस स्टँडवर असेल. मुलीसाठी जाड कोट आण, आमच्याकडे मेमध्येही संध्याकाळी गारठा असतो."

"हो," येल्का म्हणाली.  रविवार. दर रविवार. इस्क्राला दोन दिवस काका म्हणावं लागणार नाही.

घराकडे येताना मिलुतिन तिच्याबरोबर चालला.  "आता माझ्या पाहुण्यांना माश्या कोण बांधणार?" तो म्हणाला. "तुझ्या सासूला शिकवावं लागेल. हातात पीस दिलंस की पहिल्यांदा धुवून काढेल." स्वतःच हसला, आणि मग फाटकाशी थांबून उगाच कडी तपासत राहिला. "जा तू आत. मी येतो."

आत चूल पेटलेली होती, उद्याच्या सणाची भाकर भट्टीत फुगत होती, सगळ्या घराला तिचा वास होता. स्तोयान्का त्याच खुर्चीत होती, ओच्यात अंडी. तिच्या पायांशी इस्क्रा बसली होती. डोळे रडून सुजले होते. बारोनेसा कापल्याचं तिला कळलं होतं. पण आता ती रडत नव्हती, कारण तिला काम मिळालं होतं.

"आजीला भाकर बघायची होती," तिने आईला सांगितलं, "तेव्हा मी धरली अंडी. अजिबात हलले नाही. नाक खाजलं तरी नाही."

"नाही हलली," स्तोयान्का म्हणाली. "दगडाची मुलगी आहे. येल्का, गिरणीवर तू जा आता. बायका निघाल्या असतील. चाकावरून उडणारं पाणी आण, अंधार पडायच्या आत, आणि वाटेत पानंफुलं टाक त्यात. उद्या सणाच्या सकाळी हिला त्याने आंघोळ घालायला हवी, दुखणं तसंच उडून जातं. एक वर्ष चुकवलेलं नाही मी, पण आज मला उठता येत नाही."

येल्काने कोपऱ्यातली कळशी उचलली. मग तशीच उभी राहिली.

"मासा आला, आई."

"आला?"

"आला. माशी बुडली नाही."

"मग?"

"शुक्रवारची बस."

स्तोयान्काने मान हलवली. ओठांत काहीतरी मोजलं. अंडी की दिवस, ते कळलं नाही. "म्हणजे सहा दिवस," ती म्हणाली. "बरोबर आलं की. तेव्हाच फुटतील ही." तिने शालीखाली हात घातला आणि एकेक अंडं फिरवायला लागली, सावकाश, न बघता, जसं झोपलेल्या मुलाचं पांघरूण सारखं करावं. तिच्या मनगटाला ते पीस अजून चिकटलेलं होतं. येल्काने पुढे होऊन ते काढलं. तेलकट होतं. तिने ते फेकलं नाही, मुठीत ठेवलं.

इस्क्रा दोघींकडे बघत होती, आळीपाळीने. मग आजीच्या ओच्याकडे.

"आई," ती म्हणाली, "आपण गेल्यावर आजीला उठायचं झालं, तर अंडी कोण धरणार?"